व्हिडिओ गेममधली लढाई टेबलवर आणायची तर नेमकं काय आणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. चार खेळाडूंचा गट, वीस बाजूंच्या फाशावर म्हणजे डी२० वर चालणारी स्वतः रचलेली नियमावली, आणि 'डार्क सोल्स' या अवघड लढायांच्या व्हिडिओ गेमसारखी लढाई टेबलवर खेळायची इच्छा. त्यासाठी तुम्ही १०० चा स्टॅमिना बार म्हणजे दमाचा साठा घेतलात. हल्ल्याला ३०, डॉजला म्हणजे फटका चुकवायला २० असा खर्च लावलात आणि दर राउंडला ३० परत दिलेत. डॉज करताना डी२० वर १४ च्या वर पडलं तर हल्ला चुकतो. प्रत्येक स्किलला ३ ते ५ राउंडचा कूलडाउन आहे, म्हणजे तेवढे राउंड ते पुन्हा वापरता येत नाही, आणि बॉसला म्हणजे मुख्य शत्रूला ४०० एचपी (जीवाचे गुण) आहेत. परिणाम असा झाला की एकच लढाई अख्खी संध्याकाळ चालली, डॉज कुणी फारसा वापरला नाही, आणि बॉस मेला तेव्हा जिंकल्यापेक्षा सुटल्यासारखं वाटलं. आता पॅरी (शत्रूचा घाव परतवणं), बॉसचे टप्पे आणि कॉम्बोही (घावांची साखळी) आणायचे आहेत, ते कसे?

हे सगळं टेबलवर आणता येतं, आणि नीट आणलं तर लढाईला अशी धार येते की पुन्हा साध्या 'मी मारतो, तू मार' पद्धतीकडे जावंसं वाटत नाही. मात्र तुम्ही गेममधले आकडे उचललेत आणि त्या आकड्यांमागचा पेच गेममध्येच राहिला. व्हिडिओ गेममधला प्रत्येक चांगला नियम खेळाडूला एका क्षणी काहीतरी निवडायला लावतो. टेबलवर ती निवड आणायची. हिशेब ठेवणं, सेकंदाला साठ वेळा बार भरणं, ही यंत्राची कामं आहेत, ती यंत्राकडेच राहू द्यावीत.

आधी वेळेचं गणित करू, कारण तुमची संध्याकाळ तिथेच गेली. समजा तुमच्या पात्रांचा साधा घाव डी८ (आठ बाजूंचा फासा) अधिक ४ आहे, म्हणजे सरासरी साडेआठ. लागण्याची शक्यता ६५ टक्के धरली तर एका हल्ल्यामागे साधारण साडेपाच एचपी जातात. चार खेळाडूंचे मिळून राउंडला बावीस. ४०० भागिले २२ म्हणजे अठरा राउंड. प्रत्येक खेळाडूच्या टर्नला दोन-अडीच मिनिटं आणि गेम मास्टरची, म्हणजे शत्रू चालवणाऱ्याची, दोन मिनिटं धरली तर एक राउंड बारा मिनिटांचा होतो. अठरा राउंड म्हणजे साडेतीन तासांहून जास्त. यात कुणी ढिलाई केली असं नाही, आकडाच तसा होता. व्हिडिओ गेममध्ये बॉसला पन्नास घाव घालणं म्हणजे काही मिनिटांचं काम असतं. टेबलवर चार ते सहा राउंड हा मला योग्य पल्ला वाटतो, म्हणून या हिशेबाने बॉसला १२० ते १३० एचपी पुरेत. हे आधी बदला, बाकीचे नियम न बदलताही फरक दिसेल.

आता डॉज. गेममध्ये डॉज का आवडतो? शत्रू हातोडा मागे नेतो, ते तुम्हाला दिसतं, ती हालचाल तुम्ही ओळखता आणि नेमक्या क्षणी बटण दाबता. 'मी पाहिलं, म्हणून वाचलो' ही त्यातली मजा आहे. तुमच्या नियमात पाहणं कुठेच नाही, फक्त फासा आहे. १४ च्या वर म्हणजे १५ ते २०, ही ३० टक्के शक्यता झाली. शत्रूचा हल्ला ६० टक्के वेळा लागत असेल तर डॉजनंतर तो ४२ टक्के वेळा लागतो. चिलखताचा आकडा ४ ने वाढवला असता तरी जवळजवळ हेच झालं असतं, तेही जास्तीचा फासा न टाकता आणि स्टॅमिना न घालवता. खेळाडूंनी हे गणित कागदावर मांडलं नसेल, पण दहापैकी सात वेळा वाया जाणाऱ्या गोष्टीवर २० स्टॅमिना खर्च करायचा नाही हे त्यांना आपोआप कळलं. ते बरोबरच होते.

यावरचा उपाय म्हणजे इशारा. 'स्ले द स्पायर' या व्हिडिओ गेममध्ये प्रत्येक शत्रूच्या डोक्यावर तो पुढच्या टर्नला काय करणार याचं चिन्ह दिसतं. २०१८ च्या 'इनटू द ब्रीच'मध्ये तर शत्रू पटावरच्या कुठल्या घरावर मारणार हे आधी दाखवतात आणि मग तुमची टर्न येते. हे दोन्ही गेम टर्नवर चालतात, त्यांना हाताच्या चपळाईची गरज नाही, आणि तरीही त्यांत वाचल्याचा आनंद पुरेपूर आहे. म्हणून टेबलसाठी शिकायचं तर मी 'डार्क सोल्स'च्या आधी या दोघांकडे पाहायला सांगेन.

टेबलवर ते असं करा. बॉसची टर्न संपताना गेम मास्टरने त्याची पुढची तयारी मोठ्याने वर्णन करायची. 'तो हातोडा खांद्यावर घेतो.' पुढच्या टर्नच्या सुरुवातीला हातोडा समोरच्या तीन घरांवर आदळणार. 'हातोडा जमिनीला टेकवून तो श्वास रोखतो.' लगतच्या सगळ्या घरांना हादरा बसणार आणि तिथले सगळे आडवे होणार. 'मान खाली घालतो.' सर्वांत लांबच्या पात्राच्या दिशेने सरळ रेषेत धाव येणार. त्या घरात असाल तर घाव लागणार, नसाल तर नाही. लागला की नाही यासाठी फासा टाकायचाच नाही. 'इनटू द ऑड' या २०१४ च्या टेबलटॉप गेमने लागण्याचा फासाच काढून टाकला आणि थेट नुकसानाचा फासा ठेवला, त्यामुळे त्यातली लढाई फार झपाट्याने होते. इथे तेच तत्त्व बॉसपुरतं वापरायचं. पात्रांना ३० एचपी असतील तर हातोड्याला ४डी६ (सहा बाजूंचे चार फासे) द्या, सरासरी १४. दोन फटक्यांत पात्र जेमतेम उभं राहतं. इतकी भीती हवीच, नाहीतर इशाऱ्याकडे कुणी लक्ष देणार नाही.

इशाऱ्याबाबत मी एक गोष्ट काटेकोरपणे पाळतो: इशारा कधीही खोटा नसतो. एका हालचालीमागे एकच हल्ला, लढाई संपेपर्यंत. पहिल्यांदा हातोडा खांद्यावर गेला तेव्हा काय होणार हे खेळाडूंना ठाऊक नसेल, दुसऱ्यांदा ठाऊक असेल, तिसऱ्यांदा ते त्याची वाट पाहत असतील. 'सोल्स' गेममधलं शिकणं असं टेबलवर येतं. फसवा, उशिरा पडणारा फटका हवा असेल तर त्यालाही वेगळी खूण द्या. 'हातोडा खांद्यावर घेतो, पण या वेळी डोळे मिटतो.' बारकाईने ऐकणाऱ्याला त्याचं फळ मिळायला हवं. एका बॉसला तीन हालचाली पुरतात, चौथी गरजेपुरती. सहा ठेवल्या तर कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

आता यातली अडचण, जी हा प्रयोग करणाऱ्या प्रत्येकाला पहिल्याच लढाईत भेटते. इशारा मिळाला, मग चारही खेळाडू शांतपणे चालत बाजूला झाले. बॉस रिकाम्या जमिनीवर हातोडा आपटत बसतो. 'इनटू द ब्रीच'ने हे फार हुशारीने सोडवलं आहे. तिथे शत्रूचं मुख्य लक्ष्य तुमची यंत्रं नसतात, शहरातल्या इमारती असतात. इमारत डॉज करू शकत नाही. त्यामुळे तुम्हाला शत्रूला ढकलावं लागतं, मध्ये उभं राहावं लागतं, काय गमवायचं ते ठरवावं लागतं. टेबलवरही मैदानात हलू न शकणारं, पण खेळाडूंना प्रिय असलेलं काहीतरी ठेवा: जखमी साथीदार, बाहेर पडायचा एकमेव दोरखंड, अर्धवट राहिलेला मंत्र म्हणणारी पुरोहित. एकटा बॉस आणि चारी बाजूंनी मोकळं मैदान असेल तर जगातला कुठलाही इशारा पेच निर्माण करू शकत नाही.

पेचाची दुसरी बाजू म्हणजे स्टॅमिना. गेममध्ये तो बार हल्ला थांबला की काही क्षणांत भरतो, म्हणून त्यातला १०० हा आकडा बिनमहत्त्वाचा आहे. महत्त्वाचं इतकंच की 'अजून एक घाव घालू की पळण्यापुरतं राखून ठेवू?' या मोहावर तो सगळा गेम उभा आहे. त्यासाठी तीन टोकन पुरतात. हातात धरता येतील अशी खरी टोकन घ्या, कागदावर आकडे खोडत बसू नका. साध्या घावाला दोन, जबर घावाला तीन, हलायला एक. डॉजला एक, तो दुसऱ्याच्या टर्नमध्येही करता येतो, आणि त्यात फासा नाही: फटका पडताना दोन घरं सरकायचं. जबर घावाला डी८ ऐवजी २डी८ द्या, म्हणजे मोह खरा वाटेल. आणि टोकन परत मिळतात ती स्वतःच्या टर्नच्या सुरुवातीला, शेवटी नाही. हा फरक लहान वाटतो, पण सगळा नियम त्यावर टिकून आहे. टर्नच्या शेवटी परत दिली तर खेळाडू सगळी टोकन हल्ल्यात उडवेल, लगेच पुन्हा भरून घेईल आणि निवांत डॉज करत बसेल. सुरुवातीला दिली तरच मागे राखलेलं टोकन हे त्याचं संरक्षण ठरतं.

'पाथफाइंडर' या टेबलटॉप गेमच्या २०१९ च्या दुसऱ्या आवृत्तीतली तीन कृतींची टर्न अशीच आहे. तिथे एकाच टर्नमधल्या दुसऱ्या हल्ल्याला ५ आणि तिसऱ्याला १० वजा होतात, त्यामुळे 'अजून एक घाव' घालण्याचा मोह आपोआप महाग होतो. 'लान्सर' या टेबलटॉप गेममध्ये उलट वाट आहे: काही शस्त्रं आणि चाली वापरल्या की यंत्रमानवाची उष्णता वाढत जाते आणि मर्यादा ओलांडली की यंत्रच बिघडू लागतं. खर्च होणाऱ्या गोष्टीपेक्षा साठत जाणारा धोका काही गटांना जास्त रंगतदार वाटतो. तुमचा गट सावध खेळणारा असेल तर तो प्रकार करून पाहा.

एकटा बॉस विरुद्ध चार खेळाडू म्हणजे एकाची टर्न विरुद्ध चौघांच्या टर्न. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलटॉप गेमच्या पाचव्या आवृत्तीने २०१४ मध्ये यासाठी लेजेंडरी अॅक्शन आणल्या: इतरांची टर्न संपली की बलाढ्य राक्षस मध्येच काहीतरी करतो. तुमच्यासाठी मी साधा मार्ग सुचवतो. दर दोन खेळाडूंनंतर बॉसची टर्न येऊ द्या. आता प्रत्येक खेळाडूला त्याच्या दोन टर्नच्या मध्ये दोन फटके झेलायचे आहेत आणि हातात बहुधा एकच टोकन आहे. ते कुठल्या फटक्यासाठी वापरायचं, हे त्याला इशाऱ्यावरून ठरवावं लागेल. हल्ल्यांचं नुकसान मात्र मग थोडं उतरवा, ४डी६ चं ३डी६ करा.

पॅरीबद्दल. तिला वेळेचं भान लागतं आणि टेबलवर ते मोजायचं साधन नाही, म्हणून बरेच जण तिथेही फासा लावतात आणि पुन्हा डॉजसारखीच गत होते. माझं मत असं की पॅरीचं बटण आणू नये, पॅरीचा परिणाम आणावा. २०१९ च्या 'सेकिरो'मध्ये शत्रूच्या एचपीपेक्षा त्याचा तोल मोडणं महत्त्वाचं असतं. तुम्ही त्याचे घाव परतवत राहता, तोल ढळत जातो आणि तो पुरता मोडला की एकच निर्णायक वार. टेबलवर एक सहा बाजूंचा फासा सगळ्यांना दिसेल असा, ६ वर ठेवा. कुणी डॉज न करता फटक्यासमोर उभं राहून एक टोकन दिलं आणि निम्मं नुकसान सोसलं, तर फासा एकने उतरतो. बॉसच्या कमकुवत जागी घाव बसला तरी एकने उतरतो. शून्यावर आला की बॉसची पुढची टर्न जाते आणि तोवर त्याला दुप्पट नुकसान होतं. 'ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर'मध्ये ढालीचा आकडा असाच उतरतो. एक अख्खा राउंड कुणीच दबाव ठेवला नाही तर फासा दोनने वर चढवा. 'सेकिरो'मध्ये शत्रू जितका जखमी तितका त्याचा तोल हळू सावरतो. तेही हवं असेल तर बॉस अर्ध्यावर आल्यावर दोनऐवजी एकनेच चढवा.

या फाशाचा आणखी एक उपयोग म्हणजे चुकलेला हल्ला अगदीच वाया जात नाही. व्हिडिओ गेममधल्या शक्यता अनेकदा खेळाडूच्या बाजूने गुपचूप झुकवलेल्या असतात. 'एक्सकॉम २'मध्ये सोप्या पातळ्यांवर पडद्यावर दिसते त्यापेक्षा नेम लागण्याची शक्यता प्रत्यक्षात जास्त असते. टेबलवर फासा उघडा असतो आणि तिथे लपवाछपवी करूही नये. मग १५ मिनिटं थांबून आलेल्या टर्नला ३ पडले, की त्या खेळाडूचा राउंड फुकट गेला. अशा वेळी 'घाव लागला नाही, पण त्याला मागे सरावं लागलं, तोल एकने उतरला' हे फार कामी येतं.

'ब्लडबोर्न' या व्हिडिओ गेममधली एक गोष्ट तर मी कुठल्याही गटाला डोळे मिटून सुचवेन. तिथे घाव बसल्यावर लगेच उलट वार केला तर गेलेल्या एचपीतला काही भाग परत मिळतो. टेबलवर: नुकसान झालं की त्यातलं निम्मं बाजूला टोकनच्या रूपात ठेवा. तुमच्या पुढच्या टर्नमध्ये घाव लागला तर ते परत, नाही लागला तर गेलं. टेबलवरच्या खेळाडूंना जखमी झालं की मागे जाऊन धनुष्य काढायची सवय असते. हा एवढासा नियम त्यांना पुढे खेचतो. मात्र हा आणि तोलाचा फासा एकाच लढाईत आधी आणू नका, दोन्ही नवे असले की लक्ष विखुरतं.

कूलडाउन पूर्ण काढून टाका. चार खेळाडू, प्रत्येकी तीन स्किल, म्हणजे बारा मोजण्या कुणाच्या तरी डोक्यात चालू राहतात. शिवाय लढाई पाच राउंडची असेल तर ४ राउंडचा कूलडाउन म्हणजे बहुतेकदा 'लढाईत एकदाच'. मग तसंच लिहा ना. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स'च्या २००८ च्या चौथ्या आवृत्तीने नेमकं हेच केलं होतं: कधीही, लढाईत एकदा, दिवसातून एकदा. राक्षसांसाठी पाचव्या आवृत्तीतली युक्ती सुरेख आहे. ड्रॅगनने आगीचा श्वास सोडला की पुढच्या प्रत्येक टर्नच्या सुरुवातीला डी६ टाकायचा, ५ किंवा ६ आले तर श्वास पुन्हा तयार. सरासरी तीन राउंड थांबावं लागतं, मोजावं काहीच लागत नाही, आणि धाकधूक मात्र प्रत्येक वेळी असते. खेळाडूंसाठी '१३थ एज' या टेबलटॉप गेममधला एस्कलेशन डाय, म्हणजे चढत जाणारा फासा, घ्या. दुसऱ्या राउंडला टेबलच्या मध्यभागी डी६ वर १ ठेवायचा, दर राउंडला एकने वाढवत ६ पर्यंत न्यायचा, आणि खेळाडूंनी तो आकडा आपल्या हल्ल्यात मिळवायचा. तुम्ही त्यालाच स्किल जोडा: 'फासा ३ वर आला की हे उघडतं.' सगळ्यांसाठी एकच मोजणी, आणि लढाई रेंगाळण्याऐवजी वेग घेते.

अॅग्रोचं, म्हणजे राक्षसाने कुणावर चालून जायचं हे आकड्यांवरून ठरवण्याचं, विचारलं नाहीत, पण टप्प्यांकडे वळताना तो मोह होतोच. ऑनलाइन गेममध्ये राक्षसाला मन नसतं म्हणून त्याला आकड्यांची यादी लागते. तुमच्या टेबलवर त्याचं मन म्हणजे गेम मास्टर. यादी नको.

टप्प्यांचा नियम मी असा ठेवतो की दुसऱ्या टप्प्यात आकडे वाढवायचे नाहीत, प्रश्न बदलायचा. हातोडेवाला अर्ध्यावर आला की हातोडा फेकून देतो आणि छताचा खांब उपटतो. आता त्याचा पल्ला तीनऐवजी पाच घरांचा आहे, पण प्रत्येक फटक्यासोबत छत कोसळतं आणि उभं राहायची जागा कमी होत जाते. पहिल्या टप्प्यात शिकलेले इशारे मात्र तसेच चालू राहू द्या, नाहीतर शिकलेलं वाया गेलं असं खेळाडूंना वाटेल.

इथे 'सोल्स'मधली एक गोष्ट टेबलवर जशीच्या तशी येत नाही, तिच्याकडे डोळेझाक करू नका. तिथे मरण हाच शिक्षक आहे. मरायचं, शेकोटीपासून पुन्हा यायचं, पुन्हा मरायचं. टेबलवर पात्र मेलं की महिनोन्महिने वाढवलेलं एक माणूस गेलं. मग शिकवणार कोण? बॉसच्या आधी त्याच कुळातला लहान पहारेकरी भेटू द्या. तोच खांद्यावरचा हातोडा, तीच खाली गेलेली मान, पण नुकसान १डी६. दालनाच्या भिंतीवर सरळ रेषेत उमटलेल्या भेगा दाखवा, म्हणजे धावेचा अंदाज येईल. लढाईतला पहिला फटका पात्राऐवजी ढालीवर घेऊ द्या: ढाल फुटते, पात्र वाचतं, धडा मिळतो. आणि माघार घेण्याची वाट खरोखर उघडी ठेवा. पळून जाऊन दुसऱ्या दिवशी त्याच बॉससमोर परतलेला गट इशारे पाठ करून येतो, ती लढाई पाहण्यासारखी असते.

राहिला कॉम्बो. एका खेळाडूने पाच घावांची साखळी लावणं टेबलवर टाळा, कारण तेवढा वेळ बाकीचे तिघं नुसते बसून राहतात. साखळी खेळाडूंच्या मध्ये जोडा. 'डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन २' हा व्हिडिओ गेम यासाठी अभ्यासा: एकाने पाऊस पाडला, दुसऱ्याने त्या पाण्यात वीज सोडली. ओलं, तेलकट, पेटलेलं अशा तीनच अवस्था ठेवा आणि कुठल्या दोन भेटल्या की काय होतं ते एका कागदावर सगळ्यांसमोर लिहा. पण त्या कागदाबाहेरचं काही सुचलं तर त्यालाही हो म्हणा. 'झुंबराची साखळी तोडून त्याच्या तोलावर पाडू का?' हा प्रश्न संगणकाला आधी लिहून ठेवल्याशिवाय सोडवता येत नाही, तुम्हाला जागच्या जागी सोडवता येतो. तोलाचा फासा दोनने उतरवा आणि पुढे चला.

सगळं एकदम आणू नका. पहिल्या लढाईत फक्त कमी एचपी आणि इशारे. दुसरीत तीन टोकन. त्या वेळी नियमांपेक्षा लोकांकडे पाहा. स्वतःची टर्न नसलेला खेळाडू इशारा ऐकून दुसऱ्याला 'तिथून हल, मान खाली घातली त्याने' असं सांगू लागला की तोलाचा फासा टेबलवर ठेवायला हरकत नाही.